गीझर आणि गाडीचं वेळापत्रक

ह्यांच्या कारखान्यात पाहुण्यांना आवारात फिरवण्यासाठी विजेवर चालणारी एक छोटी गाडी आणली होती. पाहुण्यांना ती आवडली नाही. साहेबांनी ती विकायला काढली आणि आमच्या ह्यांनी घेतली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळला आमच्या सोसायटीत तेव्हा सगळ्या मिळून तीन गाड्या होत्या. चौथी ही आमची, दोन माणसांची आणि आठ बॅटऱ्यांची. ती आली तेव्हा सगळे बघायला खाली उतरले. आवाजच येत नाही म्हटल्यावर दोघातिघांनी कान लावून पाहिलं.

हे कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होते, त्यामुळे चार्जिंगचं काम घरात दुसऱ्या कोणाला जमणार नाही अशी त्यांची खात्री होती. त्याला जाड तीन पिनांचा सॉकेट लागायचा, आणि तसा सॉकेट घरात एकच होता, बाथरूमबाहेरचा, गीझरचा. तिथून वायर काढून, हॉलमधून नेऊन, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून त्यांनी ती खाली गाडीपर्यंत सोडली. मग एक वेळापत्रक टाइप करून आणलं आणि बाथरूमच्या दारावर चिकटवलं. रात्री अकरा ते सकाळी सात गाडी. सात ते आठ गीझर. त्या तासात आधी मुलं, मग मी, शेवटी हे.

"आणि आई?" मी विचारलं.

"आईला गार पाण्याची सवय आहे," हे म्हणाले.

सासूबाई कोकणातून आमच्याकडे राहायला आल्याला वर्ष होत आलं होतं. विहिरीच्या पाण्याने जन्मभर पहाटे आंघोळ केली, असं त्या सगळ्यांना अभिमानाने सांगत. आताही सांगत होत्या.

पहिले पंधरा दिवस गाडी छान चालली. मग दम धरेना. तुर्भ्याच्या कारखान्यातून परत येताना नेरूळच्या चढावर बैलगाडीसारखी चालायची. हे रोज बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घालत, काचेच्या नळीने आतलं अ‍ॅसिड तपासत आणि आलेखाच्या कागदावर ठिपके देत. ठिपके रोज थोडे खाली जात होते. जेवतानाही त्यांचं लक्ष त्या कागदाकडे असायचं.

एका रविवारी बेलापूरला मुंज होती. मी पैठणी नेसले होते. निघताना काटा अर्ध्याच्याही खाली होता, ते मी दाखवलं.

"काटा खोटा दाखवतो," हे म्हणाले. "मी हिशेब केलाय."

करावे गावाच्या अलीकडे हिशेब संपला. गाडी निमूटपणे थांबली. अंगणात जाळं सांधत बसलेले एक गृहस्थ उठून आले.

"पेट्रोल सपला काय?"

"पेट्रोल लागत नाही हिला."

"मग काय लागतं?"

"सॉकेट," हे म्हणाले. "मोठा."

ते घराकडे हात करून म्हणाले, "आमचे घरान हाय. पानी काढायचे पंपाचा."

त्या घरात आम्ही तीन तास बसलो. त्यांच्या बायकोने चहा दिला, मग दुसऱ्यांदा चहा दिला, मग तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. मुंजीच्या जेवणाची वेळ टळली होती, म्हणून मी पैठणीवर टॉवेल पसरून ते मनापासून जेवले. हे मात्र दर दहा मिनिटांनी जाऊन काटा पाहत होते.

"साहेब गाईला पान्हा सुटायची वाट बघताय्‌त," ती मला हळूच म्हणाली.

घरी आल्यावर ह्यांनी चहाच्या वेळी जाहीर केलं, "आठही बॅटऱ्या गेल्या. बदलाव्या लागणार."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "बॅटऱ्या टाकू नकोस रे."

"का?"

"मी साडेचारला उठते ना. तेव्हा तुझा प्लग काढते आणि गीझरचा लावते."

"रोज?"

"सात वाजायच्या आत तुझा परत लावते की. आंघोळ, पूजा, जप सगळं आटोपलं की लावते. कुणाची वस्तू जिथून उचलली तिथे ठेवावी."

ह्यांनी मनातल्या मनात रोजचे अडीच तास मोजले. मला हसू आवरेना, म्हणून मी कप घेऊन आत गेले. आतूनही सगळं ऐकू येत होतं.

"आई, तू तर गार पाण्याने..."

"कोकणात," सासूबाई म्हणाल्या. "तिथे गीझर कुठे होता? आणि तू त्या कागदावर माझी आंघोळ लिहिलीच नाहीस. मी कुणाला विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी नवा कागद लागला. गाडी रात्री साडेआठ ते पहाटे साडेचार, नंतर आई, मग बाकीचे. साडेआठला वायर लावायचं आणि साडेचारला काढायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. आलेखाचे ठिपके आठवड्याभरात वर चढले, पण ह्यांनी तो कागद पुन्हा कुणाला दाखवला नाही.

चार्जिंग हातात आल्यावर सासूबाईंचं गाडीवरचं लक्षही वाढलं. कुठे निघालो की त्या आधी विचारायच्या, किती लांब, परत कधी, वाटेत उभे किती वेळ राहणार. पुढे पुढे दर गुरुवारी त्या लेकाशेजारी बसून बेलापूरच्या देवळात जायला लागल्या. गाडी दोन माणसांची असल्यामुळे मी बसने जात असे, आणि देवळाच्या पायरीवर दोघं माझी वाट बघत उभे असत.