जावयाने सासूला घरी आणलं

माझा मेहुणा, बहिणीचा नवरा ओडेंबो, किसुमू शहराच्या शवागारातून माणसं गावोगावी त्यांच्या घरी पोचवतो. धंदा दुःखाचा, पण माणूस मिरवणारा. त्याच्या व्हॅनच्या टपावर मोठाले भोंगे, त्यांच्यासाठी सीटखाली वेगळी बॅटरी, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये आयसोलेटरचा डबा. इंजिन चालू असलं की दोन्ही चार्ज होतात. बंद झालं की डबा त्यांना एकमेकींपासून तोडतो, म्हणजे गाण्यांनी आपली बॅटरी संपवली तरी गाडी सुरू करायची बॅटरी शाबूत राहते.

आई गेली तेव्हा तिला आणायचा मान त्याने मागून घेतला. आमच्याकडे जावई सासूच्या घरी रात्र काढत नाही, तिच्यासमोर मान वर करून बोलत नाही. तिच्यासाठी काही करायची त्याची ही शेवटची संधी होती. बाबांनी एकच मागितलं, "उजेडी तिला अंगणात आणा."

बाबा, मी आणि चार भाऊबंद आईसोबत व्हॅनमध्येच बसणार होतो. निघताना ओडेंबोने डबा काढला आणि दोन्ही बॅटऱ्या जाड वायरने थेट जोडल्या.

"एका बॅटरीवर भोंगे मध्येच मरतात. सासूबाईंना मुक्याने नेऊ का?"

"भावजी, तो डबा काय शोभेला होता?"

"तू तुझा भात पिकव रे. तारांचं मला कळतं."

गावच्या बाजारात गाडी थांबली. आईने तिथे जन्मभर मासे विकले होते, शेजारणींना तिला बघायचं होतं. इंजिन बंद, भोंगे चालू. गाण्यामागून गाणं झालं, ओडेंबो पांढऱ्या सदऱ्यात यजमानासारखा फिरत होता. मग भोंगे घोगरे झाले आणि गप्पच झाले. त्याने चावी फिरवली. टक्. परत टक्.

पाहुण्यांची बस पुढे गेलेली. बाजारात मोटारसायकलींखेरीज काही नाही. गाडी ऑटोमॅटिक, धक्क्याने सुरू होणारी नव्हे. ऊन कलत होतं.

"जावयाने सासूला परत बाजारातच बसवली की गं!" एक मासेवाली म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

ढकलतच न्यायची ठरली. ओडेंबो उतरून मागे आला, "तू बस स्टिअरिंगवर, मी ढकलतो." पण आमच्यात गाडी कुणालाच येत नव्हती. तो परत जाऊन स्टिअरिंगवर बसला. बाबांनी काठी शवपेटीशेजारी ठेवली आणि मागच्या दाराला दोन्ही हात लावले.

"बाबा, तुम्ही नको! पाया पडतो तुमच्या!" तो खिडकीतून ओरडला.

"पुढे बघा," बाबा म्हणाले.

घर येईपर्यंत त्याने एकदाही मागे बघितलं नाही. उजेड होता अजून. फाटकात गाडी टेकली तसे बाबा धापा टाकत खिडकीशी गेले आणि जावयाशी बोलावं तसंच अदबीने म्हणाले, "जावईबापू, दमला असाल. उतरा, पाणी घ्या."

ओडेंबो स्टिअरिंगवर डोकं टेकवून हमसून रडला. सासूवर किती जीव होता बघा, अंगणातल्या बायका म्हणाल्या. आम्ही ढकलणाऱ्यांनी त्यांची समजूत तशीच राहू दिली.