मृणालने बसवलेलं म्युझिकल

मंगळवार होता. मी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला लावत होतो, तेवढ्यात कुलकर्ण्यांचा फोन आला. "मृणाल गेली."

संध्याकाळी आमचा नेदरलँड्समधला सगळा मराठी ग्रुप बेस्ट गावात कुलकर्ण्यांच्या घरी जमला. एकाने तिचा एक किस्सा सांगितला, आणि तिथून किस्से थांबेचनात! माणूस समोर असतं तेव्हा हे किती साठत चाललंय, लक्षातच येत नाही.

मृणाल आमची कोरिओग्राफर. संहिता माझी, नाचणारे सगळे आयटीवाले. पहिलं म्युझिकल तुफान चाललं. दुसरं मार्चमध्ये आहे, फक्त शेवटचं गाणं बसायचं होतं.

*

पहिल्या वेळी मी संहिता वाचून दाखवली. तिने विचारलं, "यात माणसं हलतात कधी?"

"सोफ्यावर बसून बोलतात."

"मग सोफा कट!"

सोफ्याबरोबर माझी आठ पानं गेली. ती कोणालाच आठवत नाहीत. मला सोडून.

*

तालमी शाळेच्या जिममध्ये. जमिनीवर सगळ्या खेळांच्या रंगीत रेषा. "कुलकर्णी, बॅडमिंटनच्या बाहेर जायचं नाही!"

थिएटरची जमीन नुसती काळी. कुलकर्णी जागीच थिजले. "मृणाल, माझं कोर्ट कुठाय?"

*

घरी ती टाचा आपटून स्टेप्स बसवायची. भिंतीपलीकडचा योहान तक्रार घेऊन आला. तिने त्यालाच रांगेत उभं केलं! तिसऱ्या आठवड्यात तोच आम्हाला जिमच्या दारात अडवून म्हणाला, "दोन मिनिटं उशीर झालाय."

*

ग्रुपमधली मास्ट्रिख्टची मुलं लांब राहणारी, म्हणून तिने स्टेप्सचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी हुशारीने तो आरशासारखा फिरवून घेतला. आम्ही होता तसा पाहिला. एकत्र तालमीत आम्ही डावीकडे, ते उजवीकडे, आणि मधोमध सगळ्यांची टक्कर!

मृणाल ओरडली, "कोणी हलू नका! पहिल्या अंकाचा पडदा इथेच!"

प्रयोगात त्या टकरीला वन्स मोअर मिळाला.

*

तिच्या शेवटच्या आठवड्यात कुलकर्णी आणि मी तिला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो. तिने जेवणाचा ट्रे पुढे ओढला आणि शेवटचं गाणं बसवायला घेतलं. चीजचा तुकडा म्हणजे स्टेज. लोण्याची एकेक पुडी म्हणजे एकेक नाचणारा.

"आणि हा जॅम तू."

"मीच का जॅम?"

"एकदा उभा राहिलास की हलत नाहीस!"

नर्स ट्रे उचलायला आली. "थांबा, त्यावर आमचे कलाकार आहेत!" मृणाल म्हणाली. नर्सने पाच मिनिटं दिली. तेवढ्यात तिने सगळ्यांना चीजवर आणलं, कुलकर्ण्यांना तर दोनदा. जॅम ट्रेच्या कडेलाच.

"तुझी एन्ट्री उद्या बघू," ती म्हणाली.

ती बसवायची राहिली.