सत्तर दिवसांचं जहाज

आजवर कोणालाही सांगितलं नाही ते लिहितो: तांडेलकाकांना मी वाचून दाखवलेलं ते परदेशी पत्र मीच टाइप केलं होतं.

वेंगुर्ल्याचे काका कतारला, दोह्यातल्या आमच्या कंपनीत क्रेनला माल बांधणाऱ्यांचे मुकादम. मी तिथेच कारकून. शमाल, म्हणजे तिथला सोसाट्याचा धुळीचा वारा, सुटला की इंजिनियरच्या आधी त्यांचा हात वर जायचा. "खलास! आता उचलूचा नाय." वाऱ्यात टांगलेल्या पत्र्याचं शीड होतं, हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. त्यांचे आजोबा शिडाच्या पोलादी मालजहाजावर खलाशी होते.

त्या जहाजांचं काकांना वेड. डोलकाठ्या पोलादाच्या, दोर तारेचे, पोटात तीन हजार टन माल, वर तीसेक माणसं. इंजिन नाही. "आगबोट कोळसो खाता. ह्येंका नुसतो वारो!" पण फुगवून सांगणं नाही. कोणी चिडवलं, "काका, तुमचं जहाज विमानाला मागे टाकायचं म्हणे?" तर म्हणत, "वारो पडलो की कासवाच्या मागे."

आजोबा आषाढात कलकत्त्याहून ताग भरून स्कॉटलंडला गेले. किती दिवसांत पोचले, तेवढं काकांना ठाऊक नव्हतं. तिथल्या संग्रहालयाला विचारणारं इंग्रजी पत्र त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. पोस्टात टाकायचं ते मी ड्रॉवरमध्ये टाकलं आणि विसरलो. ते रोज विचारत, "उत्तर इला?" दोन महिन्यांनी लाजेपायी उत्तरही मीच केलं: सत्तर दिवस. ते खूश होतील असा आकडा.

झालेही. बिन महमूद भागातल्या आपल्या खोलीत सगळ्यांना चहा पाजला. पण पुढच्या शुक्रवारी नकाशा घेऊन माझ्याकडे आले.

"रे, ह्यो आकडो बरोबर नाय. आषाढात वारो तोंडार. भरलेला जहाज बंगालच्या उपसागरातच महिनो काढतला. मगे आख्खी आफ्रिका. सत्तर दिसात खयचा पोचता?"

"काका, संग्रहालयानेच लिहिलंय."

"चुकलो आसतलो कोणतरी बापडो. परत लिव. ह्या वेळी महिनोय घाल."

"लिहितो," म्हणालो. लिहिलं नाही. खरं उत्तर आलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

त्यानंतर कोणी विचारलं की काका म्हणत, "दिस म्हायत नाय." आजोबांना मोठं करणारा आकडा त्यांनी स्वतःच्या हिशेबाने खोडला. एवढा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काकांचा करार संपला, ते गावी निघाले. विमानतळावरही म्हणाले, "उत्तर इला तर गावच्या पत्त्यार धाड हां."

गेल्या वर्षी काका गेले. त्यांना मी एक पत्र आणि एक कबुली देणं लागतो.