केचप, मोहरी आणि कापणीचा लिलाव

आमच्या घरात हॅलोविन साजरा करत नाहीत, ही गोष्ट मागच्या ऑक्टोबरपर्यंत आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हती.

ती कळली माझे सासरे नगरहून आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, राहायला आले तेव्हा. आम्ही त्यांना पप्पा म्हणतो. पप्पा निवृत्त हेडमास्तर आणि गावच्या चर्चचे जुने पंच. एअरपोर्टवरून घरी येताना त्यांना शेजारच्या अंगणात अर्धवट मातीत पुरलेले सांगाडे दिसले. त्यांनी गाडीतच टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

कोणी गेलेलं नाही, ही सजावट आहे, मुलांचा सण आहे, असं माझ्या नवऱ्याने, म्हणजे प्रशांतने, त्यांना समजावून सांगितलं.  पप्पा रागावले की बोलत नाहीत, प्रार्थना करतात. त्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना जरा लांबली. दुसऱ्या दिवशी आणखी लांबली. शेजाऱ्याने सांगाड्यांच्या जोडीला चेटकीण टांगली त्या दिवशी तर 'आमेन' येईपर्यंत भाताची ढेकळं झाली होती. आठवडाभर गार वरणभात खाल्ल्यावर प्रशांत मला म्हणाला, "अगं, तूच काहीतरी ऑर्गनाइझ कर ना यार, मुलांसाठी. चर्चवालं."

'तूच' का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

आमची मराठी मंडळी महिन्यातून एकदा एका अमेरिकन चर्चच्या हॉलमध्ये जमते. उपासनेनंतर चहा, चहाबरोबर चर्चा, आणि चर्चेतून कोणाच्या तरी गळ्यात काहीतरी, असा आमचा क्रम आहे. त्या रविवारी मी चहाचा कप हातात घेऊन म्हटलं, की हॅलोविनच्या संध्याकाळी आपल्या मुलांसाठी काही वेगळं करता आलं तर किती बरं होईल. लगेच सगळे आपापल्या कपात बघू लागले. फक्त साळवे काकूंनी मान वर केली. साळवे काकू मंडळीचं स्वयंपाकघर सांभाळतात, त्यामुळे मंडळीही त्याच सांभाळतात. त्या म्हणाल्या, "छान आहे की. मग स्मिता, तूच घे." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. असा उत्साह आमच्याकडे फक्त काम दुसऱ्याकडे गेल्यावर दिसतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खरा प्रश्न घरी होता. आमची हॅना तेव्हा चौथीत होती. ती दरवर्षी दारोदार फिरून चॉकलेटं गोळा करायची. (मधमाशीच्या पोशाखातला तिचा फोटो पप्पांना पाठवताना मी खाली 'शाळेचं गॅदरिंग' लिहिलं होतं.) त्या वर्षी तिचा आणि एमाचा, म्हणजे तिच्या जिवलग मैत्रिणीचा, बेत उन्हाळ्यातच ठरलेला. हॅना होणार केचपची बाटली, एमा होणार मस्टर्डची. आणि त्याच संध्याकाळी मी तिला चर्चमध्ये चल म्हणत होते.

ती रडली असती तर बरं झालं असतं.  त्याऐवजी ती म्हणाली, "इज इट गोइंग टू बी लेम?"

"रटाळ? मुळीच नाही. हॅलोविनपेक्षा भारी होणार आहे. एमालाही बोलाव."

"मम्मी, शी विल मिस द होल स्ट्रीट फॉर मी. इफ इट्स लेम, आय हॅव टू चेंज स्कूल्स."

मी वचन दिलं. आई झाल्यावर माणूस काय काय बोलून जातं! एमाने आपला अख्खा हॅलोविन माझ्या पोरीच्या शब्दावर सोडला, आणि पोरीने तो शब्द माझ्या भरवशावर दिला. त्या क्षणापासून माझी झोप उडाली.

बेत मी इथलाच उचलला. इथली चर्चं पार्किंगमध्ये गाड्या उभ्या करतात, डिक्या उघडून सजवतात, आणि मुलं एकेका डिकीपाशी जाऊन खाऊ घेतात. भुतं नाहीत, अंधारात फिरणं नाही. आमच्या मंडळींना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. साळवे काकूंना डिकीतून खाऊ देणं मुळात पटलंच नाही. पोरं आपल्या दारात आली आणि त्यांना उभ्या उभ्या एक चॉकलेट देऊन घालवायचं, ही कुठली रीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पावभाजी करायचं ठरवलं. मी नको म्हटलं, तेव्हा त्यांनी सोबत शिराही धरला.

राहता राहिले पप्पा. त्यांची समजूत घालायला मी म्हटलं, "पप्पा, इथे याला फॉल फेस्टिव्हल म्हणतात. आपला कापणीचा सण असतो ना, अगदी तसंच."

पप्पांचा चेहरा उजळला. त्या दिवशी वरणभात गरम मिळाला.

आता कापणीचा सण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे गावच्या चर्चमध्ये पीक हाती आलं की लोक आपापल्या शेतातलं आणि घरातलं काहीबाही घेऊन येतात. बाजरी, भोपळे, कोंबड्या, अंडी. ते सगळं वेदीपुढे ठेवायचं, प्रार्थना करायची, आणि मग त्याचा लिलाव करायचा. पैसा चर्चला. गंमत अशी, की बोली जिंकणारा पुष्कळदा वस्तू घरी नेतच नाही, परत अर्पण करतो. मग तिचा पुन्हा लिलाव. एकदा एकच अंडं दुपारभर विकलं जात होतं. शेवटी ते फुटलं, तेव्हा फुटलेलंही विकलं गेलं. आणि हे सगळे लिलाव वर्षानुवर्षं पुकारणारा, पंचक्रोशीत नाव असलेला माणूस म्हणजे माझे सासरे.

हे मला ठाऊक होतं. तरीही, त्यांना एकटं वाटू नये म्हणून, मी त्यांना एक छोटंसं काम दिलं. शेवटी सगळे हॉलमध्ये जमल्यावर आभाराची प्रार्थना. "दोनच मिनिटं हं पप्पा," असंही म्हणाले.

हॅलोविनच्या संध्याकाळी पार्किंगमध्ये गाड्या लागल्या आणि माझं अवसान गळालं. प्रशांतने आमच्या डिकीत गवताच्या पेंढ्या रचल्या होत्या आणि तो त्यांच्याशेजारी बसून एकसारखा शिंकत होता. एका घराच्या डिकीत स्ट्रोलर आणि तांदळाच्या बॅगा होत्या. सजावट कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, "हार्वेस्टच आहे की." साळवे काकूंची गाडी सगळ्यांत पहिली. त्यांनी डिकीपुढे टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्लेट संपवल्याशिवाय त्या एकाही पोराला पुढे सोडत नव्हत्या. मागे आमच्या मुलांची आणि त्यांनी बोलावलेल्या बिचाऱ्या अमेरिकन मित्रांची रांग रस्त्यापर्यंत गेली. एक छोटा अंतराळवीर शिरा खाता खाता झोपून गेला.

एमाची आई तिला सोडून गेली. केचप आणि मस्टर्ड हातात हात घालून पप्पांसमोर उभ्या राहिल्या.  पप्पांनी चष्मा वर केला, हॅनाला निरखलं आणि म्हणाले, "टोमॅटो." मग एमाला निरखलं. मी घाईघाईने म्हटलं, "मोहरी, पप्पा." ते प्रसन्न झाले. दोन्ही पिकं चांगली आलीत म्हणाले.

हळूहळू काकूंची पावभाजी आटोपत आली, रांग सरकली, आणि मुलं डिक्या लुटत सुटली. सगळ्यांच्या बादल्या चॉकलेटांनी भरल्या. हॅना धावत येऊन माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, इट्स नॉट लेम." मला तिथेच भरून आलं. सगळं पार पडलं होतं. आता फक्त दोन मिनिटांची प्रार्थना राहिली होती.

मी निर्धास्तपणे काकूंबरोबर स्वयंपाकघरात गेले आणि भाजीचं पातेलं घासायला घेतलं. त्यामुळे पुढचा भाग मला नंतर समजला. पप्पा आपला निवृत्तीच्या समारंभाचा सूट घालून हॉलच्या दारात उभे होते. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर ते प्रेमाने हात ठेवत आणि त्याची बादली काढून घेत. पोरं शहाणी, त्यांना वाटलं इथली काही पद्धत असेल. बादल्या समोरच्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर, ओळीने मांडल्या गेल्या. मग प्रार्थना झाली. आणि मग मला स्वयंपाकघरात तो आवाज ऐकू आला. भारदस्त, खणखणीत, माइकची गरज नसलेला.

"एक वार!"

माझ्या हातातलं पातेलं सुटलं.

मी पळत हॉलमध्ये आले तेव्हा पप्पांनी एमाची बादली डोक्यावर धरली होती. मला वाटलं, मोठी माणसं हे थांबवतील. पण मोठी माणसं हात वर करून उभी होती. नगरची, जालन्याची, सोलापूरची मंडळी इतकी वर्षं इथे शिस्तीत कॉफी पीत आली होती. पप्पांच्या एका हाळीसरशी सगळे आपापल्या गावच्या चर्चमध्ये जाऊन पोहोचले. आपणच विकत आणलेल्या, आपणच वाटलेल्या चॉकलेटांवर ते एकमेकांना ईर्ष्येने मागे टाकत होते. स्ट्रोलरवाल्यांनी एमाची बादली जिंकली, डोळे पुसले आणि ती परत अर्पण केली. टाळ्या! पप्पांनी तीच बादली पुन्हा उचलली.

मी प्रशांतला म्हटलं, "अरे, थांबव त्यांना." तो पुढे गेला. पप्पांनी विचारलं, "तुझी बोली काय?" आणि माझ्या नवऱ्याने बोली सांगितली.

मुलांच्या रांगेत मस्टर्डचा ओठ थरथरायला लागला होता. शेजारी माझी केचप दगडासारखी बसली होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तेवढ्यात एमाची आई तिला न्यायला दारात येऊन उभी राहिली. सुटातला एक वृद्ध गृहस्थ परक्या भाषेत ओरडून तिच्या मुलीचा खाऊ विकत होता. तिने मला हळूच विचारलं, "इज धिस नॉर्मल?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण हॉल भाड्याचा होता.

आणि हॅना उठली. खुर्चीवर चढली, केचपचं झाकण सावरलं, आणि म्हणाली, "आजोबा, कॅन किड्स बिड?"

 पप्पा लिलावात नात्यागोत्याला थारा देत नाहीत. ते म्हणाले, "बोली कोणीही लावावी. तुझ्याकडे द्यायला काय आहे?"

"नथिंग."

"हरकत नाही. आपल्या गावात ज्याच्याकडे काही नसतं तो कामाची बोली लावतो. कोणी म्हणतो चर्चचं अंगण झाडीन, कोणी म्हणतो पाणी भरीन. बोल."

हॅनाने विचार केला. रडणाऱ्या एमाकडे बघितलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत जी चमक होती, ती तिच्या आजोबांची.

"माय मॉम विल डू धिस अगेन," ती म्हणाली. "नेक्स्ट इयर. द होल थिंग. फॉर ऑल द बकेट्स."

पप्पांनी हॉलवर नजर फिरवली. "सगळ्या बादल्यांना स्मिताचं पुढच्या वर्षीचं काम. याच्यावर कोणी आहे का?"

मघाशी खांद्यापासून ताणून वर गेलेले सगळे हात खिशात गेले. कोणाला एकदम फोन आला. साळवे काकूंना पातेलं आठवलं. मी मोठ्या आशेने प्रशांतकडे बघितलं. तो आपल्या बाहीवरचं गवत वेचत होता.

"एक वार," पप्पा म्हणाले. "दोन वार..."

"तीन वार!" मुलं ओरडली. शब्दाचा अर्थ अर्ध्याअधिक पोरांना कळत नव्हता, पण एवढ्यात सगळ्यांना पाठ झाला होता. सगळ्यांत मोठा आवाज मस्टर्डच्या बाटलीतून आला. बादल्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या. एमाने जाता जाता आईला सांगितलं, की धिस वॉज द बेस्ट हॅलोविन एव्हर. शाळेत आता डब्यातल्या गाजरांचाही लिलाव होतो म्हणे, तोही मराठीत. हॅनाला शाळा बदलावी लागली नाही.

पप्पा परत गेले, पण जाताना साळवे काकूंना लिलावाचं सगळं नीट समजावून गेले. काकूंचा काल फोन होता. या वर्षी निदान एक कोंबडी तरी हवी, असं त्यांचं म्हणणं, आणि ती मीच बघायची आहे. मी प्रशांतला म्हटलं, निदान या वर्षी तरी माझ्यावर कोणी बोली लावून मला सोडवा. तो म्हणाला, "अगं, लिलावात गेलेली वस्तू अशी परत मागत नाहीत."

आमच्या गावात एक फुटकं अंडं दुपारभर चढाओढीने विकलं जातं. मी, चांगली धडधाकट बाई, पहिल्याच बोलीत गेले, आणि तेही चॉकलेटांवारी!