कागदाएवढी फट

मिस्तरीला चांगलं म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांतला पहिला तो स्वतः. रायफलवर दुर्बीण बसवावी तर यानेच, असं नेमबाजीच्या क्लबात सगळे म्हणत, आणि कुणी म्हणायला विसरलं तर तो आठवण करून देई. त्याचं दुकान म्हणजे सायकलवाल्याच्या मागची एक अरुंद खोली. लाकडी बाक, त्यावर रायफल धरून ठेवायचा शिकंजा, भिंतीला ओळीने टांगलेले पेचकस, आणि एकच खुर्ची, तीही त्याची. गिऱ्हाइकाने रायफल ठेवायची, चार कौतुकाचे शब्द बोलायचे आणि निघायचं.

दूरच्या नेमाला दुर्बीण रायफलवर नुसती ठेवून भागत नाही. आधी रायफलच्या पाठीवर एक पट्टी बसते, पट्टीवर दोन रिंगा, आणि त्या रिंगांच्या मिठीत दुर्बीण. रिंगा बुटक्या घ्यायच्या की उंच, यावरून क्लबात भलीभली माणसं हमरीतुमरीवर येत. मिस्तरीपुरता हा वाद केव्हाच मिटला होता. रिंगा बुटक्याच. दुर्बिणीचं पुढचं भिंग आणि रायफलची नळी यांच्या फटीतून एक कागद सरकला की काम झालं. तो खरोखरच खिशातून कागद काढून सरकवून दाखवी आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाई. उंच रिंगावाल्यांना तो उंटावरचे शहाणे म्हणे. दातांच्या एका डॉक्टरांनी हट्टाने उंच रिंगा लावून घेतल्या, तेव्हा सगळ्यांदेखत त्याने विचारलं होतं, "डॉक्टर, चढायला शिडी देऊ का?" डॉक्टर हसले होते, पण मनापासून नाही.

त्याची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. नवरा दिवसभर रायफलींशी काय बोलतो ते तरी बघू, म्हणून ती एकदा रेंजवर आली आणि तिथलीच झाली. हात स्थिर, डोकं थंड. दूरच्या नेमात तिच्या तोडीचं क्लबात कुणी नव्हतं. पण संघाच्या निवडीच्या दिवशी दर वेळी तेच व्हायचं. सुरुवातीला ती सगळ्यांच्या पुढे असायची आणि शेवटच्या गोळ्यांना तोंडचा घास जायचा. या वर्षी संघात दोन जागा होत्या. पुढची निवड काही वर्षांनी, म्हणजे तोवर चष्मा लागणार. "या वेळी झालं तर झालं," ती परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "नाहीतर रायफल विकून टाकू." मिस्तरी हसला खरा. आपली बायको बोलते ते करते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

निवडीच्या दिवशी सकाळीच सरावाची वेळ होती. रेंजवर लांबच लांब सतरंज्या, प्रत्येकीवर एक नेमबाज पोटावर झोपलेला, मागे बघ्यांची रांग. मिस्तरी नेहमीप्रमाणे बायकोच्या मागे, तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून उभा. पहिल्या गोळ्या एकमेकींना खेटून लागल्या. मग एक डावीकडे सरकली. एक वर गेली. पुढची तर पार कडेला.

"रिंग सुटली असेल," मागून कुणीतरी बोललं.

मिस्तरीचा पारा चढला. "माझी रिंग? सुटायला ती काय गुराचं दावं आहे?"

तरी तो पेचकस घेऊन पुढे झाला. एकेक स्क्रू तपासला, सगळे घट्ट. कागद काढून सरकवला, अलगद सरकला. क्षणभर त्याला बरं वाटलं, पण क्षणभरच. रायफल ठीक, दुर्बीण ठीक, तर मग चूक कुणाची? आणि निवडीला तासभर उरला असताना हे बायकोला सांगायचं कुणी?

"आणखी एक मारते," ती म्हणाली.

तो बाजूलाच उकिडवा बसला होता, तसाच राहिला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने निशाणाकडे न बघता बायकोकडे बघितलं. तिने गाल रायफलच्या लाकडात असा दाबला होता की ओठ वाकडा झाला होता. मानेची शीर ताणून वर आली होती. दात घट्ट, पापणी थरथरत होती. गोळी सुटायच्या आधी डोकं किंचित वर उचललं गेलं, दमलेल्या माणसाचं उचललं जातं तसं.

"थांब," तो म्हणाला. "डोळे मीट. मान सैल सोड. दाबू नकोस, गाल नुसता टेकव. आता उघड. काय दिसतंय?"

"काळं."

"काळं म्हणजे?"

"कडेने काळी कोर येते ना, तीच. मान खाली दाबली की जाते."

"कधीपासून येते?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांनाच येते."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "बोलले होते. मान धरते म्हणाले होते. तुम्ही उशी आणलीत."

उशी एक नव्हती. मऊ आणली, मग कडक आणली, मग मधे खळगा असलेली आणली. लेक परगावी, घरात माणसं दोन आणि उशांचा ढीग, असं झालं होतं. मिस्तरीच्या डोळ्यांसमोर तो ढीग उभा राहिला आणि त्याच्यामागे दुकानातली ती एकुलती खुर्ची. उंची जुळवायला रायफलला गाल लावायचा तो त्याचाच. आखूड मान, बसके गाल. सगळ्या क्लबाच्या रायफली त्याने स्वतःच्या तोंडाला बेतून दिल्या होत्या, बायकोचीसुद्धा.

रेंजचे साहेब घड्याळ बघत आले. "मिस्तरी, दुर्बीण काढलीत तर नेम पहिल्यापासून बसवावा लागेल. थोडाच वेळ उरलाय. आहे तसंच राहू द्या, माझं ऐका."

साहेब खोटं बोलत नव्हते. नेम बसलाच नाही तर ती गोळ्या मोजायच्या आधीच बाद. मिस्तरीने पेचकस खाली ठेवला. "तू सांग," तो बायकोला म्हणाला.

"काढा," ती म्हणाली.

त्याने पेटीतल्या मधल्या उंचीच्या रिंगा पट्टीवर ठेवल्या, त्यांच्या खालच्या अर्ध्या भागात दुर्बीण नुसती टेकवली. तिने डोळे मिटले, गाल टेकवला, उघडले. "अजून आहे. बारीक झाली." त्याच्याकडे याहून उंच रिंगा नव्हत्या. असणार कशा? ज्याची टिंगल करायची ते पेटीत कोण ठेवतं?

तो उठला आणि बघ्यांच्या रांगेसमोर, सगळ्यांदेखत, दातांच्या डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. "डॉक्टर, तुमच्या रिंगा द्या."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "उंटावर कोण बसतंय?"

"माझा माज उतरतोय. लवकर द्या हो, पाया पडतो."

डॉक्टर या निवडीत उतरले नव्हते, पण रायफल आणली होती. दोघांनी मिळून त्यांच्या रायफलवरून रिंगा उतरवल्या. इकडे पुन्हा तेच. डोळे मिटले, गाल टेकला, डोळे उघडले.

"गोल आहे," ती हळूच म्हणाली. "अहो, पूर्ण गोल आहे."

मग आवळायची घाई. दुर्बिणीतली उभी रेघ सरळ हवी, स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. एकीकडे जास्त पिळलं की दुर्बीण तिरकी. एक स्क्रू बोटांतून निसटून खडीत पडला. डॉक्टर, साहेब, दोन प्रतिस्पर्धी, सगळे गुडघ्यांवर. सापडला. त्याने नळीतून आरपार बघत दुर्बीण निशाणाशी ढोबळ जुळवली. पहिली गोळी लाकडी चौकटीला लागली. दुसरी कागदावर आली. तिसरी मधल्या काळ्या वर्तुळाच्या कडेला. चौथी भरत असतानाच सराव संपल्याची घंटा झाली.

"होईल का?" त्याने विचारलं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

निवड सुरू झाली. पहिल्या दोन गोळ्यांचे गुण गेले, तेवढ्यात तिने दुर्बिणीचं बटण दोन खटके फिरवलं आणि पुढच्या आत लागू लागल्या. लांबवरचा झेंडा वाऱ्याने पडत होता, उठत होता. मिस्तरीने तिपाईवरच्या दुर्बिणीकडे पाठ फिरवली होती. तो बायकोच्या मानेकडे बघत होता. शेवटच्या गोळ्या आल्या, तिथेच दर वेळी घात व्हायचा. शीर वर आली नाही. गाल जागचा हलला नाही.

फळ्यावर तिचं नाव दुसरं लागलं. टाळ्या झाल्या, डॉक्टरांनी मिस्तरीच्या पाठीत धपाटा घातला. तो छाती फुगवून तिच्याकडे निघाला. ती सतरंजीवर बसून रडत होती.

"अगं, रडतेस काय? झालं ना सगळं मनासारखं!"

"मला वाटायचं, माझ्यातच दम नाही," ती म्हणाली. "तुम्ही झोपलात की मी स्वतःला शिव्या घालायचे. आज लेक येणार होती बघायला. मीच म्हटलं, येऊ नकोस, तुझ्या आईला ऐन वेळी जमत नाही."

मिस्तरी तिथेच खडीवर बसला. खिशातून फोन काढला, लेकीला लावला. पलीकडून घाबरा आवाज आला, "बाबा, काय झालं? आईला नाही ना जमलं?"

"तुझ्या आईला पहिल्यापासून जमत होतं," तो म्हणाला. "मी कधी तिच्याकडे बघितलंच नव्हतं गं."