दुपारचा तो फोटो डिलीट करा, प्लीज

आज दुपारी मी ग्रुपवर एक फोटो टाकला होता. ज्यांनी तो पुढे पाठवलाय, त्यांनी हे वाचाच.

माझी सानिका इथे दुबईत इंटरनॅशनल पॉलिसीमध्ये मास्टर्स करतेय. तिच्या वर्गातली लिन, चीनची मुलगी, आज आमच्या मनखूलच्या घरी आली होती. उद्या त्यांच्या वर्गात दोन देशांच्या वाटाघाटींची प्रॅक्टिस आहे आणि सरांनी मुद्दाम उलट बाजू दिल्यात. लिन भारत, सानिका चीन. दोघी जेवणाच्या टेबलावर देशांच्या पाट्या ठेवून सीमेवरून भांडत होत्या.

लिन भारताची बाजू इतकी जोरात मांडत होती की मला राहवलं नाही. ‘भारत’ पाटीसकट तिचा फोटो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "बघा, चीनची मुलगीसुद्धा आपल्याच बाजूने!"

चहा देताना तिला कौतुकाने दाखवला, तर तिचा चेहराच उतरला. हळूच इंग्रजीत म्हणाली, "आंटी, हा काढा. मला शिकून चीनला परत जायचंय. बाबा सरकारी नोकरीत आहेत."

मी लगेच काढला. खलास, संपलं, असं वाटलं. पण तोवर तो दुसऱ्या दोन ग्रुपवर गेला होता.

"मम्मा, यू डिडन्ट इव्हन आस्क हर," सानिका एवढंच बोलली. लिन चहा न पिताच गेली. माझ्या मेसेजला अजून उत्तर नाही.

फोटो मी दोघींचे काढले होते. ‘चीन’ पाटीमागे बसलेल्या सानिकाचा मात्र कुणालाच पाठवला नाही.

उगाच कुणी काही बोललं तर, म्हणून.