गुरुनाथ बोकारे आभार मानतात

अमेरिकेतल्या डब्लिनच्या मराठी मंडळात कार्यक्रम कुठलाही असो, शेवटी माइक गुरुनाथराव बोकाऱ्यांच्या हातात जायचा. गणपती असो की दिवाळी, आभारप्रदर्शन त्यांचं. लोक तोवर आपापले जोडे शोधत असायचे, पोरं पेंगायला लागलेली असायची, पण गुरुनाथराव कोणालाही सोडायचे नाहीत. साउंडवाला, श्रीखंड करून आणणाऱ्या काकू, शाळेचा हॉल उघडून देणारा रखवालदार, खुर्च्या उचलणारी मुलं. एका वर्षी सहलीच्या दिवशी पाऊस वेळेवर थांबला म्हणून त्यांनी पावसाचेही आभार मानले होते, आणि ते अजिबात गंमत करत नव्हते.

"बाहेर एवढे वाटतोस, घरात एकदा तरी म्हण की आमटी चांगली झाली," त्यांच्या पत्नी उल्काताई म्हणायच्या. त्या पुण्याच्या. बोलायचं ते तोंडावर, असा त्यांचा खाक्या.

"घरच्यांचे कुठे आभार मानतात?" गुरुनाथराव म्हणायचे. "परक्यासारखं वाटतं न ते."

नागपूरच्या ज्या घरात ते वाढले तिथे ही रीतच होती. कोणी आपल्यासाठी जीव तोडून काही केलं, तर त्याच्या तोंडावर एक अक्षर काढायचं नाही. तो माणूस नसताना, चारचौघांत त्याचं नाव काढायचं. बापाने मुलाचं कौतुक केलं तर तेही शेजाऱ्याकडे. तोंडावर आभार मानले की हिशोब मिटला, आणि आपल्या माणसाशी हिशोब मिटवायचा नसतो, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. अमेरिकेत येऊन केस पिकले तरी त्यात फरक पडला नव्हता. दुकानातली कॅशियर, पोस्टमन, मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवणारा कोणीही, सगळ्यांना ते दिवसभर थँक्यू म्हणायचे. त्यात काही अडचण नव्हती, कारण ते सगळे परके. शेजारच्या रसेल पिटमनला मात्र ते एकदाही थँक्यू म्हणाले नव्हते.

रसेल मूळचा गुरांचा डॉक्टर. पुढे राज्याच्या विधिमंडळात गेला, मग निवडणुका जिंकत जिंकत वॉशिंग्टनला सिनेटर झाला. तरी शनिवारी घरी आला की गॅरेजचं दार सताड उघडं टाकून काहीतरी ठोकत बसायचा. गुरुनाथराव आपल्या बाजूचं गवत कापता कापता कुंपणाशी थांबायचे. बोलणं कशावर, तर मेपलच्या पानांवर आणि हवामानावर. राजकारणाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. तरी ह्या माणसाशिवाय आपण या देशात टिकलोच नसतो, असं गुरुनाथरावांना मनापासून वाटायचं.

त्याला कारण होतं. रसेल विधिमंडळात नवा असतानाचा एक हिवाळा. गुरुनाथरावांचा व्हिसा संपलेला, ग्रीन कार्ड अजून लांब, आणि नागपूरहून फोन आला की आई फार थोड्या दिवसांची सोबतीण आहे. परत येण्याच्या परवानगीचा कागद हातात नसताना देश सोडला असता तर घर, नोकरी, मुलीची, म्हणजे राधिकाची शाळा, सगळंच पाण्यात गेलं असतं. त्यांनी हे रसेलला बर्फ उपसता उपसता सांगितलं, मागितलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रसेलने आपल्या स्वयंपाकघरातून कॉलेजातल्या एका मित्राला फोन केला. तो मित्र असे कागद देणाऱ्या खात्यातच होता. कागद लगोलग आला आणि गुरुनाथराव मिळेल त्या विमानाने गेले.

परत आले ते लोकरी टोपी घालून. आईचं सगळं त्यांनीच केलं होतं, त्यामुळे डोक्यावर केस नव्हते. ड्राइव्हवेवर रसेल भेटला. गुरुनाथरावांनी टोपी काढली, तशी त्यानेही आपली टोपी काढली. "आय अ‍ॅम सॉरी, गुरू," तो म्हणाला. गुरुनाथरावांनी मान हलवली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारातला बर्फ कोणीतरी साफ करून ठेवला होता. तेव्हापासून दर हिवाळ्यात तो साफ होत आला.

ह्या उन्हाळ्यात रसेलचं नाव टीव्हीवर यायला लागलं. त्याच्या पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार बाईंना उपाध्यक्षपदासाठी जोडीदार हवा होता, आणि शेवटच्या काही नावांत रसेल होता. उल्काताईंना ह्या सगळ्याची मजा वाटत होती. "हे म्हणजे स्थळच बघणं झालं की! घराणं बघतायत, तब्येत बघतायत, आता शेजारीपाजारी विचारायला येतील."

आणि खरंच तसं झालं. एका संध्याकाळी रसेल गवतावरून चालत आला. उमेदवार बाईंची वकील मंडळी चौकशी करतायत, मी तुझं नाव दिलंय, म्हणाला. "जे विचारतील ते खरं सांग, एवढंच." मग तो जरा थांबला. "मला हे हवं आहे, गुरू. मी कोणाजवळ बोललो नाही, पण मला हे फार हवं आहे."

रसेलला कधी काही हवं असल्याचं गुरुनाथरावांनी ऐकलंच नव्हतं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. इतक्या वर्षांनी ह्या माणसासाठी काही करायची संधी आली होती, आणि तीही नेमकी त्यांना जमणारी. चारचौघांत त्याचं नाव काढायचं होतं.

चौकशीला आलेल्या वकीलबाई म्हणजे इला सबनीस निघाली. ह्युस्टनला जन्मलेली, तिशीची, हातात टॅब्लेट. सबनीस म्हटल्यावर गुरुनाथराव एकदम सैल झाले. आपलीच मुलगी म्हणजे आता आडपडदा कसला! उल्काताईंनी पोहे केले. मुलीने "काका, मी फक्त क्वेश्चन्स विचारणार, ओके?" म्हणून सुरुवात केली, पण दुसऱ्या प्रश्नाची गरजच पडली नाही. गुरुनाथरावांनी बसल्याजागी आभारप्रदर्शन सुरू केलं होतं.

आईच्या आजारपणापासून सुरुवात. "एक फोन केला न बाप्पा त्याने, एकच! स्वतःच्या मित्राला. लोक महिनोन् महिने थांबतात त्या कागदासाठी. मी पोचलो, आईने मला ओळखलं. असा माणूस आहे हा!"

इलाची बोटं थांबली. "त्यांनी पर्सनल फोनवरून कॉल केला? ऑफिसकडून नाही?"

"ऑफिसकडून कशाला? त्यात किती वेळ गेला असता!"

मग राधिकाची गोष्ट. तिला कॉलेजात असताना रसेलच्या ऑफिसात उन्हाळ्याचं काम मिळालं होतं. जागेची जाहिरात आली होती का, असं इलाने विचारलं. गुरुनाथराव हसले. "जाहिरात? मी गवत कापत होतो, तो कुंपणाशी आला, म्हणाला पोरगी काय करते सुट्टीत, पाठवून दे सोमवारी. संपलं!"

"आणि काही गिफ्ट्स वगैरे? तुम्ही त्यांना दिलेल्या?"

"दिवाळीला चांदीचं निरांजन दिलं. तो घेतच नव्हता, तर हिने फराळाच्या डब्याखाली ठेवून दिलं."

"ते सिनेटर असताना, काका?"

"हो न! निवडून आला म्हणूनच तर दिलं!"

इलाने टॅब्लेट मिटला आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते गुरुनाथरावांना भारावल्यासारखं वाटलं. "काका, आय हॅव टु रिपोर्ट ऑल धिस," ती हळूच म्हणाली. गुरुनाथराव म्हणाले, "सगळं सांग बेटा, काही गाळू नको." पोहे तसेच राहिले होते.

ती गेल्यावर ते खुशीत हात चोळत स्वयंपाकघरात आले. उल्काताई ओट्याशी उभ्या होत्या.

"काय केलंस तू हे?" त्या म्हणाल्या. "निवडून आलेल्या माणसाने शेजाऱ्यासाठी मित्राला फोन केला, शेजाऱ्याच्या मुलीला नोकरी दिली, शेजाऱ्याने त्याला चांदी दिली. हे तू त्याच्या चौकशीला आलेल्या वकिलाला सांगितलंस. कौतुक म्हणून!"

गुरुनाथराव खुर्चीवर बसले. उल्काताईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

पुढच्या आठवड्यात नाव जाहीर झालं. पश्चिमेकडचा कोणी गव्हर्नर. टीव्हीवरचा एक शहाणा म्हणाला की पिटमन यांच्या चौकशीत व्यक्तिगत मेहेरबानीचे काही प्रश्न निघाल्याचं कळतं, आणि लगेच दुसऱ्या बातमीकडे वळला. गुरुनाथरावांनी टीव्ही बंद केला. ज्याने आपल्याला आईचं तोंड दाखवलं त्याच्या तोंडचा घास आपण काढला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. ते बाहेर पडेनासे झाले. रसेलची गाडी गेली की मगच टपाल आणायचे. मंडळातून गणपतीच्या आभारप्रदर्शनासाठी फोन आला, तर घसा बसलाय म्हणून सांगितलं.

"गवत गुडघ्याला आलंय," एका शनिवारी उल्काताई म्हणाल्या. "जा आणि काय ते बोलून ये."

"काही घेऊन जाऊ का?"

"चांदी सोडून काहीही ने."

चिवड्याचा डबा घेऊन ते गेले. रसेल गॅरेजमध्ये बर्फ काढायचं यंत्र उघडून बसला होता. भर उन्हाळ्यात. त्याने पायानेच एक बादली उलटी करून पुढे सरकवली, बसायला.

"माझ्यामुळे गेलं," गुरुनाथराव उभ्यानेच म्हणाले.

रसेल लगेच नाही म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. रसेल तसं म्हणाला नाही. "थोडं गेलं असेल," तो म्हणाला. "कारण ते सांगत नाहीत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण फोन मी केला होता, गुरू, तू नाही. तू खरं सांगितलंस, आणि तेच मी मागितलं होतं."

गुरुनाथराव बादलीवर बसले. डबा मांडीवर तसाच. रसेल एक बोल्ट पुसत होता, आणि पुसून झाला तरी पुसतच होता.

"त्या मुलीने नंतर मला फोन केला," तो म्हणाला. "प्रत्येक गोष्ट पडताळत होती. म्हणाली, तुमच्या त्या फोनमुळे मिस्टर बोकारे आईला जिवंत भेटू शकले, हे खरं का? मी म्हटलं, नाही, तो उशिरा पोचला."

गुरुनाथरावांनी मान वर केली.

"तू आलास तेव्हा डोक्यावर केस नव्हते. चेहरा तसा. तू काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. फोन करणं बरोबर की चूक, ह्या विचारात मी एक रात्र घालवली होती, गुरू. कायदा काय, नियम काय. सकाळी केला. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या एका रात्रीमुळे तुझी भेट हुकली." त्याने यंत्राकडे हात केला. "म्हणून हे. तुझ्या दारातला बर्फ काढला की जरा बरं वाटायचं."

गुरुनाथरावांनी त्या यंत्राकडे बघितलं. जाहीर कार्यक्रमात त्यांनी पावसाचेही आभार मानले होते, रसेलचे मात्र नाही. दर हिवाळ्यात हा माणूस आपल्या दारात उभा राहून एक चूक भरून काढत होता, जी त्याने केलीच नव्हती. आणि आपण आत चहा पीत, खिडकीतून बघत, केवढा भला माणूस म्हणून बायकोला सांगत होतो. बायकोला! दार उघडून दोन पावलं बाहेर जायचं तेवढं राहिलं होतं.

"मी पोचलो होतो," ते शेवटी म्हणाले. "वेळेवर पोचलो, रसेल. ती बोलत होती. माझ्या हातून पाणी प्यायली. कसा आलास रे, म्हणाली. मी म्हटलं, शेजाऱ्याने पाठवलं. तर तुझं नाव विचारलं तिने. तिला ते नीट म्हणता येईना, दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, त्याला माझा आशीर्वाद सांग." त्यांनी डोळे पुसले. "तो सांगायचा राहिला."

रसेलने बोल्ट खाली ठेवला.

"थँक्यू, रसेल," गुरुनाथराव म्हणाले. सकाळीच ते हा शब्द पोस्टमनला म्हणाले होते.

"यू आर वेलकम," रसेल म्हणाला, आणि ते त्याला एका दमात म्हणता आलं नाही. मग त्याने चिवड्याचा डबा उघडला, आणि दोघे यंत्राचे सुटे भाग समोर घेऊन खात बसले.